बुडिशिनच्या खिडकीतले वडे

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले तर हात आपसूक शाळेतल्या मराठीकडे वळतोय. बोलायचं मालवणीत, लिहायचं पुस्तकी, तू हसली असतीस. मी तोंडवलीहून थेट जर्मनीत आलेय, तुझ्या नातीकडे. ती इथल्या इस्पितळात नर्स आहे. गाव फार जुनं, नदीच्या कड्यावर किल्ला आणि प्रत्येक पाटीवर दोन नावं. जर्मन लोक बाउत्सेन म्हणतात, सोर्ब लोक बुडिशिन. हे सोर्ब इथले हजार वर्षांचे शेतकरी. पुढे जर्मन सरदार आले, किल्ला त्यांचा झाला, गावही त्यांचं झालं आणि सोर्बांची भाषा आजूबाजूच्या खेड्यांत, चुलीपाशी उरली.

हे मला खालच्या मजल्यावरच्या सोर्ब म्हातारीने सांगितलं. लेक मधे बसून मराठीत सांगत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सरकारने ती भाषा शाळेतून काढली, छापायलाही बंदी घातली. म्हातारी तेव्हा पोर होती, तिची आई खिडक्या लावून घेऊन तिच्याशी बोलायची. आणि गंमत बघ, हे सांगणारी माझी लेक आदल्याच दिवशी माझ्या नातवावरून मला म्हणाली होती, "आई, त्याच्याशी मालवणी नको गं बोलूस. घरात मराठी, बालवाडीत जर्मन आणि सोर्बी, पोराच्या डोक्याचा भुगा होईल." असा राग आला मला! गिळला. पण मी परत गेल्यावर नातवाकडे माझं म्हणून काय उरणार, या विचाराने जेवण गोड लागेना.

जानेवारीत इथे सोर्बांचा एक सण असतो, पाखरांचं लग्न. मुलं संध्याकाळी खिडकीबाहेर रिकामी बशी ठेवतात. थंडीत दाणे घातले म्हणून पाखरं तीत खाऊ ठेवून जातात म्हणे. मला हे आधी कोणी सांगायला नको? नातवाने ठेवलेली रिकामी बशी बघितली आणि मला आपला म्हाळाचा दिवस दिसला. मी लहान, घाईघाईत कावळ्यासाठी नुसतंच केळीचं पान परसात ठेवलंय, आणि तू चुलीपुढून ओरडतेस, "रिकामा पान ठेवतंस गो? आपली माणसा खंयसून खंयसून येतत, ती उपाशी जातली?" मी उठले, गावाहून आणलेलं वड्यांचं पीठ भिजवलं, वडे तळले आणि बशी वड्यांनी भरून टाकली.

सकाळी बशीत अर्धा वडा, त्याच्याशेजारी लेकीने ठेवलेलं साखरेचं पाखरू, आणि कठड्यावर कावळा. आपल्याकडच्यासारखाच, जरा लठ्ठ. वडे कशाला ठेवले ते मी सांगितलं तेव्हा लेक आधी खूप हसली. मग तिने पोराला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बघ रे, कावळो इलो. आपली पणजी इली." मला वाटलं, माझ्या कानांनाच काहीतरी झालं. पोरगं "इलो, इलो" करत घरभर नाचलं. मी आत जाऊन उगाच भांडी घासली आणि रडले.

हे पत्र टाकणार कुठे? पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवतेय. एक मात्र लेकीला सांगितलेलं नाही. ती दोघं बालवाडीला गेली, कावळा अजून बसलेला होता. मी काचेला तोंड लावून हळूच विचारलं, "आये, ह्या घर गावला गो तुका?"