मरीनची बाही, फौजेची बाही

वकीलसाहेबांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात आधी स्वतःची ओळख द्यावी, मग मिळकत. मी आधी एक सकाळ लिहिते. पुढची सगळी वाटणी त्या सकाळपासून सुरू होते.

स्वयंपाकघरातले लांब टेबल, त्यावर घडी घालून अंथरलेले जुने ब्लँकेट, दोन टोकांना दोन इस्त्र्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी धाकटी बहीण. दोघींची लग्ने नवीन होती. माझे पती मरीन, म्हणजे जहाजातून जाऊन किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलातले. धाकटीचे यजमान फौजेत, पायदळात सार्जंट. आम्ही सगळे त्यांना सार्जंटच म्हणतो. दोघे साडू एकाच वेळी रजेवर आलेले, खाली वर्तमानपत्र पसरून बूट चमकवत बसलेले आणि तोंडाने लढाई चाललेली.

"साडूभाऊ, किनारा मरीन जिंकतो. तुमची फौज मागून आंघोळबिंघोळ करून येते."

"येते ना. आणि आली की वर्षभर तिथंच बसते. तुम्ही संध्याकाळी पुन्हा जहाजावर! घ्यायचं तुम्ही आणि राखायचं आम्ही."

"आम्हाला सोल्जर म्हणू नका म्हणजे झालं."

"छे, छे! ज्यांना डॉक्टरसुद्धा आरमाराकडून उसना आणावा लागतो, त्यांना सोल्जर कोण म्हणेल?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या हातून एक कॉलर करपली. हाच भेद आमच्या टेबलावर कापडात होता. मरीन बाही दुमडतो ती उलटी, आतली फिकट बाजू वर ठेवून. फौजेत बाही सुलटी, हिरव्या-करड्या ठिपक्यांची छापील बाजूच वर दिसली पाहिजे. धाकटीची आणखी एक खोड होती. घडी सुटू नये म्हणून ती आतून एक कच्चा टाका घालायची, आणि तो नेहमी तिरका जायचा. शाळेत शिवणाच्या सिस्टरांनी हात टेकले, पण तो टाका काही सरळ झाला नाही. "ताई, आतलं कोण बघतंय गं?" असे ती म्हणायची.

आता रीतसर लिहिते. मी, खाली सही करणारी, शाळेतून निवृत्त झालेली शिवणाची शिक्षिका, आज डॉक्टरांनी तपासल्याप्रमाणे पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावत आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर धाकटीला दिले होते, आणि ते तिला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा भेटायला आलेल्या माझ्या बहिणीने बाहेरच्या खोलीत पडद्यांची मापे घेतली. फितीचा सर्रकन आवाज मी चांगला ओळखते.

१. बँकेतली सर्व शिल्लक आणि शिवणयंत्र माझ्या मुलीला द्यावे. बाळ, घर मला नको, मी इकडे परत येणार नाही, असे तू स्वतः दोनदा सांगितलेस म्हणून घराचे मी वेगळे ठरवले आहे. पुढची कलमे तुला वाचावी लागणार याचे मला फार वाईट वाटते. तुझे बाबा तुझ्याशी चांगले वागले. ते तुझे आहे, तुझ्यापाशीच राहू दे.

२. पतींचे पदक आणि तलवार त्यांच्या दलाच्या संग्रहालयाला द्यावी. ते शूर होते, यात वाद नाही. पूर्वी मी त्यांना चारचौघींसारखी 'हे' म्हणत असे. या कागदात 'पती' पुरे.

३. दिवाणखान्यातली काचेची तसबीर, जिच्यावर 'मरीन मरीनला मागे टाकून जात नाही' असे सोनेरी अक्षरांत लिहिले आहे, ती पतींच्या नांगऱ्या नावाच्या दोस्ताला द्यावी. दंडावर नांगर गोंदवलेला म्हणून नांगऱ्या. हा गृहस्थ माझ्या घरी वर्षानुवर्षे जेवला. एका हिवाळ्यात माझे पती समुद्रावर आहेत असे मला याच टेबलाशी बसून, दुसऱ्यांदा वाढून घेत, त्याने सांगितले. त्या हिवाळ्यात त्यांचे जहाज बंदरातून हललेच नव्हते. एकाने दुसऱ्याला मागे टाकले नाही, हे खरे. मला टाकले. मरीनच्या बायकोबद्दल त्या तसबिरीत काही लिहिलेले नाही, हे मीही आधी बघायला हवे होते.

४. दलाच्या दफनभूमीत पतींच्या शेजारी माझ्यासाठी राखून ठेवलेली जागा मी सोडत आहे. मला टेकडीवरच्या साध्या दफनभूमीत आईजवळ ठेवावे. ती जागा पत्नीच्या बहिणीच्या नावावर करता येईल का, अशी मी कचेरीत चौकशी केली. कारकून हसला. "बाई, तुम्ही मोठ्या गमतीदार आहात." मी गंमत करत नव्हते.

५. घर. हे घर माझी स्वकष्टाची कमाई आहे, त्यात पतींचा किंवा माहेरचा पैसा नाही. ते कोणाला आणि का, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

त्या हिवाळ्यात सार्जंट सरहद्दीवरच्या एका खिंडीत होते. मरीन असते तर ती खिंड जिंकून परत आले असते. फौजेला ती राखायची होती, म्हणून बर्फ वितळेपर्यंत ते तिथेच राहिले. धाकटी एकटी पडली आहे म्हणून मी दर रविवारी तिला डबा पोचवत होते. पती समुद्रावरून म्हणून घरी आले, तेव्हा मी त्यांची पिशवी उपसली. कपड्यांना ना डिझेलचा वास, ना खारट ओल. तळाशी त्यांचा गणवेशाचा शर्ट कडक इस्त्री केलेला होता. कापड मरीनचे होते आणि बाही सुलटी, फौजेसारखी दुमडलेली. मी घडीत बोट घातले. आत एक कच्चा टाका होता, तिरका.

हात सवयीने चालतात. समोर शर्ट कोणाचा आहे हे विसरून तिने रोजची घडी घातली असणार. मला आजही सगळ्यात जास्त हेच लागते, की तिला ते रोजचे झाले होते.

"शर्ट कुणी इस्त्री केला?" मी विचारले.

"जहाजावर धोबी आहे."

"फौजेतून आला होता का?"

ते बूट काढत होते. एक बूट हातात धरून थांबले. "असेल," म्हणाले, आणि दुसरा बूट न काढताच बाहेर गेले.

पुढच्या रविवारी मी डबा नेला नाही, धाकटीलाच बोलावले. टेबल मांडले, तिच्यापुढे पतींचे शर्ट ठेवले आणि म्हटले, "माझी कंबर धरली आहे, एवढं करून दे." तिने सगळ्या बाह्या उलट्या दुमडल्या, मरीनच्या, एकही न चुकता, आणि कधी नव्हे ते टाका कुठेच घातला नाही. सगळा वेळ ती दरवाढ आणि शेजारणीच्या कुत्र्याबद्दल बोलत होती. जाताना म्हणाली, "ताई, तुझी इस्त्री फार जड आहे गं." मी तिला खिडकीतून कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिले. तिची वेणी लहानपणी मीच घालत असे.

मी बोलले नाही. मुलगी लहान होती, आई आजारी होती, आणि खरे सांगायचे तर एकदा बोलले की बहीण गेली, हे मला ठाऊक होते. पती गेले असते तरी मी सहन केले असते.

सार्जंट खिंडीतून परत आले ते बोटांना हिमदंश घेऊन. पुढच्या जेवणाला दोघे इथे आले तेव्हा त्यांच्या बाह्या वेड्यावाकड्या दुमडलेल्या होत्या. मी म्हटले, "अहो सार्जंट, हे काय? धाकटी इस्त्री करत नाही वाटतं?" ते म्हणाले, "आता माझं मीच करतो, ताई." धाकटीने पाण्याचा ग्लास उचलला. माझे पती मोठ्याने हसून म्हणाले, "फौज शेवटी स्वावलंबी झाली!" त्या दिवसापासून आजपर्यंत सार्जंट स्वतःची बाही स्वतः दुमडतात.

पतींच्या अंत्यविधीनंतर सगळे चहा घेत होते, तेव्हा सार्जंट स्वयंपाकघरात येऊन कपबशा पुसू लागले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "ताई, तुम्हाला कशावरून कळलं?"

"शर्टावरून. आणि तुम्हाला?"

"तुमच्या चेहऱ्यावरून. मी परत आलो त्या दिवशी इकडे भेटायला आलो आणि तुम्ही दार उघडलंत ना, तेव्हा." पुढची बशी उचलून म्हणाले, "सोडून जायचं मनात खूप वेळा आलं. पण आम्ही फौजवाले. बसलेल्या जागेवरून उठायचं आम्हाला शिकवलेलंच नाही."

"मलाही नाही," मी म्हटले. उरलेल्या बशा आम्ही दोघांनी पुसल्या.

म्हणून हे घर, अंगण आणि आतील सामानासह, मी सार्जंटना देत आहे. ते फक्त त्यांचे, त्यांच्या एकट्याच्या नावे. फौजेनंतरच्या नोकरीतले सरकारी घर त्यांना लवकरच सोडावे लागणार आहे; आता त्यांनी दुसऱ्याची खिंड राखू नये. बायकोला सोबत आणायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे. मी तिला या घरातून बाहेर काढत नाही. तिला आत यायचे असेल तर त्यांना विचारून यावे लागेल, एवढेच मी करत आहे. पडदे आहेत तेच राहावेत.

६. माझी जड इस्त्रीही सार्जंटना. त्यांची बोटे वळत नाहीत, वजन असले की घडी आपोआप बसते.

७. माझ्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात, शाळेच्या जुन्या गणवेशाखाली, एक मरीनचा शर्ट आहे. तो मी कधी धुतला नाही, कधी उलगडला नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीला द्यावा, तिच्या हातात, सार्जंट समोर असताना. बाही सुलटी आहे आणि आतला टाका तसाच आहे. मी तो उसवलेला नाही. तिचा तिने उसवावा.

साक्षीदार: १) मला तपासणारे डॉक्टर (सही). २) शेजारच्या ग्रंथपालबाई (सही). दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी दोघांना.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल, माझ्या टोकाला.
दिनांक: चौदा मार्च, सकाळी.

सही,
ताई