नंदकुमारच्या जॉइंटवरचे लाल ठिपके

१३ जानेवारी १९९७
रबाळ्याच्या या वर्कशॉपात वीस वर्षं वेल्डिंग तपासतोय. दोष मला दुरून दिसतो. तरी मालकांनी राजश्री नावाची डिप्लोमावाली पोरगी मदतीला दिली. मला मदत! संकल्प: रागवायचं नाही. पान दिवसाला दोनच.

१४ जानेवारी
संक्रांत. गोड बोलायचं असतं. सकाळी बोललो. दुपारी दुधाच्या टाकीचा जॉइंट. लाल डाय लावून पुसली, वर पांढरा डेव्हलपर फवारला. बारीक भोकं असली की पांढऱ्यावर लाल उमटतं. तिथंच उभा राहून नंदकुमार वेल्डरची लायकी काढत होतो, तर ठिपकेच ठिपके! पोरॉसिटी. म्हटलंच होतं मी. ग्राइंड करून पुन्हा मार, म्हणालो.

१६ जानेवारी
पुन्हा ठिपके! डोकं फिरलं. जितकं ओरडावं तितके वाढतात. राजश्री म्हणते, सर, तुम्ही यायच्या आधी एकही नव्हता. असणार कसा? दिसायला अनुभव लागतो. आज पानं सात. दोष राग आणणाऱ्यांचा.

१७ जानेवारी
मालकांना स्पष्ट सांगितलं, तो राहील नाहीतर मी. नंदकुमारला काढलं. बायको बाळंत व्हायची आहे म्हणे. मग हात नीट चालवायचा होता!

२० जानेवारी, दुपारी ३
नवा वेल्डर. त्याच्यावरही ओरडलो. ठिपके! राजश्रीने एक ठिपका कापसाने टिपला, हुंगला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, सर, हा तर कात आहे. शेजारी सुपारीचं खांडही निघालं. आजकालच्या मुलींना मोठ्यांचा मान नाही. मालक जे बोलले ते इथे लिहिणार नाही.

२१ जानेवारी, संध्याकाळ
मालकांचा हुकूम: नंदकुमारला परत आणा, नाहीतर तुम्हीही येऊ नका. घणसोली गावात त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. माफी मागायची नाही, फक्त बोलावायचं, असं ठरवून. त्याच्या बायकोने, विजयमालाने, अवघडलेल्या अंगाने उठून पाणी दिलं. तिच्याकडे बघवेना. लाज वाटली. खरंच वाटली. नंदकुमार म्हणाला, येतो साहेब, पन टेस्टच्या टायमाला तुमी तोंडावर रुमाल बांधायचा.
कबूल, असं म्हणणार होतो. पण तोंडात पान होतं. नुसती मान हलवली.