नैसर्गिक अडथळा : नाही

पेण,
रविवार, ३ ऑगस्ट

प्रिय यज्ञेश,

हे पत्र मुद्दाम तुझ्या अष्टमी गावातल्या घरी पाठवतेय, तुझ्या रोह्याच्या ऑफिसात नाही. तिथं पाठवलं असतं तर आधी शिपायाने वाचलं असतं, मग बाबूने, आणि तुझ्या टेबलावर यायला आठवडा गेला असता. आपली नमिता उद्या माहेरी रोह्याला चाललीय, तिच्या हाती देतेय. फोन का नाही केला म्हणून रुसू नकोस. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? परवा शुक्रवारी वीस मिनिटं तूच बोललास. ताई असं करा, ताई तसं लिहा. मी नुसती हं हं करत होते आणि तुला वाटलं, ताईंना पटलं.

खैरमाळच्या शाळेत तू शिक्षणसेवक म्हणून आलास तेव्हा तेवीस वर्षांचा होतास, आठवतंय? दोन खोल्या, दोन मास्तर, चार इयत्ता. पहिल्या दिवशी इन केलेला पांढरा शर्ट घालून आलास आणि दुपारपर्यंत खिचडीचा हिशोब, गणवेशाची यादी आणि जनावरांची गणना असली तीन कामं तुझ्या डोक्यावर पडली. तू मला विचारलंस, ताई, शिकवायचं कधी? मी पोट धरून हसले होते. मग माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं अर्ध्याहून जास्त तूच खाल्लंस. तेव्हापासून तुला मी धाकटा भाऊ मानत आले. सख्ख्याला ओरडले नसेन एवढी तुला ओरडलेय.

त्या खोलीतच आपण ते टिपण लिहिलं. सतरा पानं. काय काय लिहिलं होतं रे आपण! नऊ-दहा पोरांच्या शाळेत एकच मास्तर चार वर्ग सांभाळतो म्हणजे एकही वर्ग सांभाळत नाही, हे मी अजून छातीठोकपणे सांगते. चार वाड्यांची मुलं एका चांगल्या शाळेत आणा, प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक द्या, शिक्षकाकडून फोटो अपलोड करण्याची आणि गणनेची कामं काढून घ्या, सुट्ट्या भातलावणी बघून ठरवा, शाळेची तपासणी साहेबांनी नाही तर वाडीतल्या आयांनी करावी. आणि चौथ्या पानावर मी लाल पेनाने लिहिलं होतं की आधी गाडी, मग कुलूप. मुलांना न्यायला गाडी उभी राहिल्याशिवाय एकही वाडीवरची शाळा बंद करायची नाही.

साहेबांना टिपण आवडलं. आवडलं म्हणजे पहिलं पान आवडलं. उरलेल्या सोळा पानांचं काय झालं ते देवाला ठाऊक. नारवेलीची समूह शाळा तालुक्यातली पहिली म्हणून निवडली, तू केंद्रप्रमुख झालास, माझा सत्कार झाला. शाल अजून कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मग ते अंतराचं प्रकरण आलं. नव्या शाळेपर्यंतचं अंतर एक किलोमीटरच्या आत असल्याचा दाखला हवा होता, मुख्याध्यापकाचा आणि केंद्रप्रमुखाचा. फेब्रुवारीचे दिवस होते. भात कधीच कापून झालेलं, त्या ओलीवर टाकलेला वाल तयार झालेला, अख्खी वाडी शेतातूनच ये-जा करत होती. त्या दिवसांत खैरमाळवरून नारवेलीला कोणी रस्त्याने जातच नाही. शेत तुडवायचं, वहाळाच्या कोरड्या दगडांवरून चार पावलं टाकायची, की पलीकडे नारवेली. मी त्याचा धडाच केला. गणितात मापन चालू होतं, म्हटलं पोरांना घेऊनच मोजू. वाडीतल्या हैबतरावांनी टेप धरली, त्यांची नात सुरभी तिसरीत होती, ती दर टेपेला खडूने दगडावर रेघ मारत गेली. नऊशे चाळीस मीटर. पोरांनी काय टाळ्या वाजवल्या! सुरभीने फळ्यावर आकडा लिहिला, आणि तोच मी दाखल्यावर उतरवला. मार्चमध्ये तू बढती मिळून रोह्याला गेलास.

जूनमध्ये खैरमाळच्या शाळेला कुलूप लागलं, मी पोरांबरोबर नारवेलीला आले, आणि गाडी आली. नऊ दिवस. दहाव्या दिवशी ड्रायव्हरने फोन उचलला नाही, अकराव्या दिवशी कळलं की कंत्राटाची मंजुरीच झालेली नाही. पुलावरून वळसा घालून रस्त्याने यायचं तर साडेचार किलोमीटर. लावणीच्या दिवसांत पोरांना तेवढं चालत कोण पोचवणार? म्हणून वाडीने आपली नेहमीची वाट धरली. वहाळाला तेव्हा पोटरीएवढं पाणी होतं. हैबतरावांनी या काठच्या ऐनापासून त्या काठच्या आंब्यापर्यंत दोर बांधला. पोरं दोराला धरून येत, पलीकडे पोचली की स्वतःला मोठ्याने मोजत, अकरापर्यंत. म्हातारी धोंडुबाई अकरा ऐकू आल्याशिवाय काठावरून हलत नसे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पेणहून स्कूटरवर पुलावरून येते. पोरांचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले असायचे, मग मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. मी रोज बघत होते रे. रोज म्हणत होते, उद्या गाडीचं विचारते. तुला रोह्याला फोन करून विचारलंसुद्धा. तू म्हणालास, ताई, फाईल वर गेलीय.

बावीस जुलैच्या मंगळवारी साडेदहाला मी हजेरी घ्यायला उभी राहिले. खैरमाळची पोरं भिंतीला चिकटून बसली होती, एकाचाही आवाज नाही. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी ही पोरं. मी किमयाला ओरडले, भुतं बघितलीत का रे सगळ्यांनी? ती उभी राहिली आणि म्हणाली, बाई, आज आमी दहाच हाव.

एवढंच. पलीकडे पोचून त्यांनी मोजलं, दहा झाले. परत मोजलं, दहाच. हैबतराव वहाळाच्या कडेने खाली धावत सुटले आणि धावता धावता ओरडले, तुमी व्हा पुढं, शाळंत जावा. आणि पोरं आली. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून शाळेत आली, दप्तरं काढली, बसली. मी तशीच चपला टाकून धावले. सुरभी दोन शेतं खाली निरगुडीच्या झुडपात अडकलेली सापडली. जिवंत आहे. ते तुला माहीत आहे, अहवालात आलंय. अहवालात हे नाही की तिची बोटं झुडपापासून सोडवायला हैबतरावांना बराच वेळ लागला, आणि त्या दिवसापासून पोर एक शब्द बोललेली नाही. तिची आई सरू मला रडून भेटली असती, शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं. ती शांतपणे म्हणाली, बाई, तुमी मोजलंत तवा पानी नव्हतं. मंग आता येऊन मोजा.

मी त्याच दिवशी वर लिहिलं. गाडी द्या, नाहीतर पाऊस संपेपर्यंत वाडीवरची शाळा उघडा. चौथ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी. आपणच दिलेल्या दाखल्यानुसार मुलांच्या मार्गात कोणताही नैसर्गिक अडथळा नाही, सबब मागणी विचारात घेता येत नाही. तो कागद हातात धरून मी व्हरांड्यात उभी होते आणि मला खरंच भीती वाटली. माणसांची नव्हे, त्या कागदाची. वहाळात पाणी कितीही चढू दे, कागदावर वहाळच नाही. उद्या दहाचे नऊ झाले तरी कागदावर वहाळ नसणारच आहे.

म्हणून मी सोमवारी खैरमाळच्या शाळेचं कुलूप तोडलं. हैबतरावांना हात लावू दिला नाही, दगड मीच घातला. तेव्हापासून दहा पोरांना तिथं शिकवतेय, नारवेलीच्या मस्टरवर माझी गैरहजेरी लागतेय. चौकशी तर होणारच होती. पण दुसऱ्या तालुक्यातला अधिकारी म्हणून तुझं नाव आलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. साहेब हुशार आहेत. त्या दाखल्यावर माझ्या सहीखाली तुझीच सही आहे, म्हणजे तू अंतराचा विषय काढणार नाहीस, हे त्यांना माहीत आहे.

आणि तू नाहीच काढलास. शुक्रवारी मला सांगितलंस की त्या प्रसंगाचा मनावर परिणाम झाला होता असं ताईंनी लिहून द्यावं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट तू बघशील, निवृत्तीला दहा महिने राहिलेत, कशाला वाईटपणा. माझ्या काळजीने बोललास, कळतंय मला. अरे बाबा, पण मी वेडी झालेली नाही. मला आयुष्यात इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं.

आता जे आपण दोघांनी एकमेकांनाही कधी म्हटलं नाही, ते लिहिते. दाखल्याच्या त्या रकान्यावर, मार्गात नदी, ओढा, नाला असा नैसर्गिक अडथळा आहे किंवा नाही, तिथं माझं पेन थांबलं होतं. अकरा पावसाळे मी त्या वाडीत काढले होते, जुलैतला वहाळ मला ठाऊक नव्हता असं कोणत्या तोंडाने सांगू? मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, ताई, आहे लिहिलंत तर शाळा यादीतून बाद होईल, आणि गाडी येणारच आहे की जूनमध्ये. मी नाही वर खूण केली. आपली योजना पहिली यावी, ती डोळ्यांनी बघून निवृत्त व्हावं, एवढा मोह होता मला. तुला पुढची खुर्ची हवी होती. दोघांनाही पाणी दिसत होतं, यज्ञेश. काल मी सुरभीजवळ तासभर बसले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला वाटलं, बरोबरच आहे.

हे सगळं मनात ठेवून मी गप्प बसलेही असते. दाखला चुकला एवढंच सांगितलं असतं, तुझं नाव आणलं नसतं. पण महिन्यापूर्वी तू मोठ्या कौतुकाने मला रोहा तालुक्याची यादी पाठवली होतीस, दिवाळीनंतर बंद करायच्या चौदा शाळांची, दाखल्यांच्या फोटोंसकट. तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला होता. काल रात्री एकेक फोटो मोठा करून बघितला. चौदाही दाखले मार्च-एप्रिलचे आहेत. चौदाही ठिकाणी त्या रकान्यात नाही लिहिलंय, आणि खाली सही तुझी आहे. हे दाखले पुढच्या जूनपर्यंत कोणी उघडून बघणार नाही. तोवर मी नोकरीत नसेन.

गुरुवारी तू माझा जबाब घेशील. त्यात मी दोन नावं सांगणार आहे, माझं आणि तुझं, आणि चौदा शाळांची यादी जोडणार आहे. माझा निर्णय झालाय, मनधरणीला येऊ नकोस. फक्त हे तुला चारचौघांत, पंचांसमोर, माझ्या तोंडून पहिल्यांदा कळू नये म्हणून लिहिलं. तुझ्याकडे तीन दिवस आहेत. बुधवार संध्याकाळपर्यंत तू स्वतः जाऊन ते दाखले मागे घेतलेस तर गुरुवारी मी फक्त माझंच नाव सांगेन.

तुझीच,
हेमांगीताई