लाख चालून राहिली

चिचगड,
२८ जून २०१२

ती. लीलाधरदादास,
शि. सा. न. वि. वि.

बसवाल्याच्या हाती पाठवलेली लेन्स मिळाली. इथे फोनची रेंज नाही, म्हणून पत्रच. आमच्या महिला गटाच्या लाखेच्या बांगड्यांचे फोटो नागपूरच्या प्रदर्शनाला पाठवायचे आहेत, पण माझे सगळेच काळे येऊन राहिले. लेन्स आखूड. बांगडी मोठी दिसायला अगदी जवळ जावं लागते, अन् मग माझीच सावली पडते. लग्नाआधी तुझ्या स्टुडिओत शिकले, ते विसरले वाटते.

घरात कोणाचं मन नाही. यंदाच्या उन्हाने पळसावरची लाख किड्यांसकट मेली. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंनी जपलेलं, पुढच्या लाखेचं बियाणं होतं ते. गावात दुसऱ्या कोणाकडे उरलं नाही. काल त्यांनी फांद्या तोडून पडवीत ढीग घातला. तुझ्या भाऊजींना म्हणाल्या, मेलेलं झाडावर ठेवून कायले रडू? खरवडून बांगड्यांना तरी लागेल.

वहिनीला नमस्कार. बहिणीवर माया ठेव.
दुर्गेश्वरी

गोंदिया,
२ जुलै

चि. दुर्गेश्वरीस,
अ. उ. आशीर्वाद.

विसरली नाहीस, घाई करून राहिलीस. तुझी वहिनी म्हणते, तू पोळीही कच्चीच उलटायचीस.

उन्हात बसू नको. दाराचा उजेड एका बाजूने येऊ दे, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा कर. उजेड परतून बांगडीवर येईल. कॅमेरा धानाच्या पोत्यावर टेकव. इतक्या जवळून श्वासानेही फोकस जातो. आधी खडबडीत वस्तूवर हात बसव. लाखेची काडीच घे.

सासूबाईंना सांग, आम्हालाही फार वाईट वाटलं.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
लीलाधर

चिचगड,
७ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास तशी काडी ठेवली. फोकस बसला अन् बोटाएवढ्या काडीचा डोंगर झाला, दऱ्याखोऱ्यांसकट. तेवढ्यात एक लाल ठिपका सरकला. मला वाटलं, माझाच श्वास. श्वास रोखला, तरी तो चालतच होता. मग लाखेच्या भोकातून दुसरा निघाला. त्याला पाय होते, दादा. नुसत्या डोळ्यांना तिथे तांबडी धूळ होती.

सासूबाईंना कमी दिसते. त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून दाखवलं. त्यांनी कॅमेरा डोळ्यांशी नेला. मग हळूच म्हणाल्या, लाख चालून राहिली व बाई. जन्मभर खरवडली, तिचे पाय आज पाहिले.

खरवडणं तिथेच थांबलं. मी एकेक काडी लेन्सखाली धरली. बहुतेक मेलेल्याच होत्या. जिवंत निघाल्या त्या ओंजळभर. तुझ्या भाऊजींनी अन् शेजारच्या मंदाबाईने त्या लगेच पळसाच्या कोवळ्या फांद्यांना बांधल्या. आता किडे फांद्यांवर चढून लाख जीव धरते का, पाहायचं.

कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड सोबत पाठवते.

तुझी दुर्गेश्वरी

गोंदिया,
१३ जुलै

चि. दुर्गेश्वरीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा फोटो कम्प्युटरवर पाहून मी खुर्चीतून उठलोच. इतकी वर्षं त्या लेन्सने अंगठ्या अन् साबणाच्या वड्या टिपल्या. तिच्यापुढे असं काही येईल, हे कधी मनात आलं नाही. गिऱ्हाईक आलं की आधी तोच फोटो दाखवतो.

पण बाई, कार्डावर बांगडी एकच आहे. प्रदर्शनवाल्यांना किडे पाठवतेस का?

घरच्या सगळ्यांना नमस्कार.
लीलाधर

चिचगड,
२० सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बांगड्यांचे फोटो पोचले अन् गटाला नागपूरचं बोलावणंही आलं. लेन्स परत पाठवत आहे.

पळसाने लाख धरली. कोवळ्या फांद्यांवर थर चढला, वर जित्या किड्यांची पांढरी लव आहे. मंदाबाईने बियाणं मागितलं. सासूबाई म्हणाल्या, एकटीलाच काऊन, सगळ्यांनाच देऊ.

काल त्या पळसाखाली बराच वेळ उभ्या होत्या. काय पाहता, म्हणून विचारलं. म्हणाल्या, एवढं मोठं गाव वसलं डोक्यावर, अन् कोणाचा आवाज नाही.

तुझी माया अशीच राहो.
दुर्गेश्वरी