सर कशाने गेले

सर, नेमबाजीच्या रेंजला कुलूप लावून घरी आले आणि चहा टाकायच्या आधी लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलताना पाठ आपोआप ताठ होते. वारज्याचा आपला पत्र्याचा हॉल आहे तसाच आहे, उन्हाळ्यात भट्टी. तिथेच एकदा आई डबा घेऊन दारात आली, तिने हाक मारली आणि मी हातातल्या रायफलसकट वळले. छऱ्याची रायफल, तीही रिकामी. तुम्ही आवाज चढवला नाहीत. जवळ आलात, नळी निशाण्याच्या भिंतीकडे वळवलीत आणि म्हणालात, "रिकामी आहे हे तुला माहीत. तुझ्या आईला माहीत आहे?" मग आठवडाभर मला बाकावर बसवलंत, नुसतं बघायला. आई बिचारी इतकी घाबरली, घरी गेल्यावर म्हणते, पोरीच्या जातीला बंदूक कशाला, हवं तर पोहायला जा.

आणि हेच तुम्ही, संध्याकाळी स्कूटरला किक मारून धायरीकडे निघायचात ते उघड्या डोक्याने. हेल्मेट डिकीत, खराब होऊ नये म्हणून जपून ठेवलेलं. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणालात, "अगं, इथल्या इथे तर जायचंय." पुण्यात हेल्मेटचं नाव काढलं की ज्याला त्याला मानदुखी आठवते, तुम्ही तरी वेगळे कसे असणार? आपल्या रेंजवर कधी कुणाला साधं खरचटलं नाही. तुम्ही गेलात ते सिंहगड रोडवर, एका खड्ड्यापायी. मला राग येतो, सर, अजूनही येतो. रिकाम्या रायफलला एवढं जपणारा माणूस!

खरी पंचाईत पुढेच झाली. लोक विचारायचे, सर कशाने गेले? मी अपघात म्हणायचे. नेमबाजीचा कोच आणि अपघात, एवढं कानावर पडलं की पुढचं कोण ऐकतंय? रस्त्यावरचा हो, म्हणेपर्यंत समोरचे पालक पोराच्या चपला शोधत असायचे. शेवटी मी हार्ट अटॅक सांगायला लागले. हार्ट अटॅकला कुणी घाबरत नाही.

आज एक वडील आले, पाचवीतल्या मुलीला घेऊन. छर्रा उलटून आला तर, डोळ्याला लागला तर, शेजारच्याचा नेम चुकला तर, सगळं विचारून झालं. मी एकेक गोष्ट दाखवली, तुम्ही शिकवलीत तशी. मग भिंतीवरचा तुमचा फोटो बघून त्यांनी हळूच तेच विचारलं. हार्ट अटॅक, मी म्हटलं. त्यांना हायसं वाटलं, उद्यापासून पाठवतो म्हणाले. मुलगी स्कूटरवर मागे बसली आणि निघाले दोघं, बोडक्या डोक्यांनी. रेंजवर तिच्या हातातली रायफल जराशी वळली असती तर मी कडाडले असते. दारात उभी राहून मी तिला टाटा केला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते, सर: ॲडमिशन जाईल म्हणून गप्प बसले मी.