कानातला रंग

४ जानेवारी १९७५
पाचीच्या पाची पिल्लं पांढरी! अंगावर टिपकाबी न्हाई. कुत्रा पांढरा, कुत्री पांढरी – लय दिवसांनी जोड जमली. मेंढक्याला पांढरंच कुत्रं लागतं. राती मेंढरांच्या वाड्यात लांडगा शिरला, तर काठी कुणाला हाणायची ते अंधारात कळाय पायजे. काळं दिसलं ते लांडगं. भामा म्हणाली, "पोरं झाली तवा येवढं हासला न्हवता."

१९ फेब्रुवारी
आज भामानं पिल्लांमागं हंडा आपटला. मेंढरं बुजली. पिल्लं झोपलेलीच. भामानं परत आपटला, एकाचाबी कान हलला न्हाई.

२४ फेब्रुवारी
दोन पिल्लं पिशवीत घालून विट्याला गुरांच्या डॉक्टरकडं नेली. ते म्हणाले, "अर्जुना, कानाच्या आतबी रंग लागतो. तिथं रंग न्हाई तर ऐकू येत न्हाई. तू दोन्हीकडनं पांढराच घेतलास, तो आतपर्यंत गेला." औषध इचारलं. न्हाई म्हणाले.
आधीच्या वेतातली तांबड्या ठिपक्यांची पिल्लं मीच लोकांना वाटून टाकली. ती आता लोकांच्या वाड्यावर भुंकत्यात. एस.टी.त पिशवीतल्या दोघांनी माझी बोटं चाटली. शिव्या दिल्या तरी कुणाला ऐकू जाणार!

११ जुलै
म्हातारा कुत्रा साप चावून गेला. कुत्री उन्हाळ्यातच गेली. आता राखणीला हीच पाच.

३० ऑगस्ट
लांडग्यानं दोन कोकरं नेली. पाची कुत्री वाड्याभवती झोपलेली. रगताचा वास आला तवा उठली.
शेजारच्या वाड्यावरच्या तात्याबाला मीच तांबडं पिल्लू दिलं व्हतं. मागाय गेलो. म्हणाला, "आता कसा देऊ रं? माझी मेंढरं त्याच्याच जिवावर हायती. ही पाच हिरीत टाक, गड्या." माझा हात धजत न्हाई. त्यांचा काय गुन्हा.

५ सप्टेंबर
आणि एक कोकरू गेलं. रात रात मीच जागतोय. मेंढरं इकावीत तर खायाचं काय? दुसरं काय येतं मला. भामा म्हणते, "आवं, जरा पडा." पडून काय करू.

९ सप्टेंबर
काल राती मेंढरं बुजली. दचकून उठलो. वाड्यात काळं दिसलं. हाणली काठी.
मला डोळा लागला म्हणून भामाच काळं घोंगडं पांघरून राखणीला बसली व्हती. सांगलीच्या दवाखान्यात हाय. अजून शुद्ध न्हाई.
पोरीला निरोप धाडला – आई पडली म्हणून.