चेपलेली गाडी आणि डोक्यावरची चटई

ती. वाएलुपे आत्या,

पालेपाचा वाकून नमस्कार. इथे सगळे धडधाकट आहेत. आई बरी आहे, थोरल्या काकांचा खोकला जोरात आहे (काका त्याहून जोरात आहेत), डुकरिणीची पिल्लं सगळी जगली. तुझे गुडघे कसे आहेत? पायऱ्या चढताना दुखतात असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी नुसतं 'हं' म्हटलं, ते काळजीने म्हटलं होतं. फोनवर माझी दातखीळ बसते हे तुला माहीत आहे. कागदावर मात्र मी कुणाला घाबरत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

तुझी गाडी मजेत आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू छातीवर हात ठेवून बसणार नाहीस. पुढची बाजू तर तू ब्रिस्बेनला जाताना सोडून गेलीस तशीच आहे. मागची बाजू थोडी पुढे आली आहे. (किती पुढे, तर मागच्या सीटवर पावांचा ट्रे आता आडवा मावत नाही. उभा मावतो, पण उभ्या ट्रेमध्ये पाव थांबत नाहीत.) एक चाक जरा आतल्या बाजूला बघतं. गाडी चालत नाही, एवढंच. बाकी काही नाही.

झालं असं, की मी नेहमीसारखी नारळाच्या दुधातले पाव घेऊन निघाले होते. पाद्रीबाबांच्या घरासमोर नीरफणसाखाली गाडी लावली, नीट लावली, हँडब्रेक ओढला, आणि पाव द्यायला आत गेले. तेवढ्यात पलीकडच्या गावचा मालाकी आपली बस मागे घेत आला. मालाकीच्या आरशावर त्याने प्लॅस्टिकच्या फुलांच्या इतक्या माळा टांगल्यात की आरशात फक्त लग्नघर दिसतं. गाडी त्याला दिसली नाही. बस थांबली तेव्हा तो खाली उतरून मला म्हणाला, "अगं, ही इथे कधी आली?" (मनात पुष्कळ बोलले.) बसमधल्या बायका मात्र खिडकीतून ओरडल्या, "मालाक्या, तुझ्या जन्माआधीपासून आहे ती!" मग सगळ्यांनी मिळून माझी गाडी ढकलत घरी आणली, गाणं म्हणत.

आता आत्या, हे मी तुलाच सांगते. गाडी नसेल तर मला पाव घेऊन मालाकीच्या बसने जावं लागतं. आणि आपल्या बसमध्ये जागा संपली की माणसं माणसांच्या मांडीवर बसतात. माझ्या मांडीवर ट्रे, आणि ट्रेवर बसायला टेकलेल्या माझ्या जुन्या शाळेच्या मोठ्या बाई. बाई बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "पालेपा, परत कधी येतेस शाळेत?" मग अख्खी बस माझ्याकडे वळते. अगं, मी शाळा सोडली ती याचसाठी ना, की कुणी मला उभं करून विचारू नये? गाडीत कुणी काही विचारत नाही. म्हणून तुझी गाडी दुरुस्त झाली नाही तर मी पाव विकणं बंद करणार, हे नक्की. आईला अजून सांगितलेलं नाही.

पण काळजी नको, मी सगळं हातात घेतलं. तू गाडीचा विमा उतरवला होतास, तो कागद आईने काढला. आपिया शहरातल्या त्यांच्या कचेरीला फोन लावला, आईने फोन माझ्या कानाला धरला आणि माझी वेणी मुठीत धरली, पळून जाऊ नये म्हणून. पलीकडची बाई फार छान होती. तिने सांगितलं, आमचा माणूस गाडी बघायला येईल, तोवर कुणाशी काही बोलू नका, समोरच्याकडून काही घेऊ नका, तडजोड करू नका, केलीत तर कंपनी एक छदाम देणार नाही. काही बोलू नका! आत्या, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला जमणारं काम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी भट्टी पेटवायला उठले तर अंगणात मालाकीचं घरदार बसलेलं. सगळ्यांच्या डोक्यावर मिळून एक चटई, ती बारीक विणीची, जुनी, जिला लाल पिसं आहेत ती. पुढ्यात लाकडं आणि दगड, म्हणजे हवं तर आम्हालाच भाजून खा. शेजारी एक तयार डुक्कर, म्हणजे आम्हाला न खाल्लंत तर बरं. इफोगाच की! चटईखाली बसून मागायची ही माफी कुणाच्या हातून माणूस मेल्यावर मागतात, गाडी चेपल्यावर कुणी मागितलेली मी तरी ऐकली नाही. पण मालाकीची आई सालेवाओ तुला माहीत आहे, ती एखादी गोष्ट थोडकी करतच नाही. चटईखालून तिचा आवाज येत होता, "मान खाली घाल, अजून खाली, आरसा बघायला जमत नाही तर निदान जमीन बघ!"

आता दार असतं तर मी लावलं असतं. पण आपल्या घराला भिंतीच नाहीत. नुसते खांब. ते आम्हाला बघतायत, आम्ही त्यांना बघतोय, आणि झोपलोय असं सोंग घ्यायचं तर काका आधीच कोको पीत बसलेले. मी काकांजवळ सरकले आणि कानात सांगितलं, चटई उचलू नका, उचललीत तर माफी झाली, माफी झाली तर तडजोड झाली, कंपनी हात वर करेल. (एवढं लांब वाक्य मी काकांशी कधीच बोलले नव्हते. तेही चकित झाले.) काका म्हणाले, "आणि नाही उचलली तर?" मी म्हटलं, कंपनीचा माणूस येईपर्यंत बसू दे. काका म्हणाले, "कंपनीला सांग, ऊन चढतंय. माणसं उन्हात बसवून मी कोको पिऊ? गाव थुंकेल माझ्यावर." गेले आणि चटई उचलली. मालाकी खाली शिंकत होता. सगळे रडले, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, आईसुद्धा. मी एकटीच गाडीकडे बघून रडत होते.

मग त्यांच्याच दगडांवर त्यांचंच डुक्कर भाजायला घातलं, आणि जेवण सुरू झालं तोच कंपनीचा माणूस आला. फेलेती नाव त्याचं, पॉलिश केलेले बूट, गळ्यात कॅमेरा. त्याला गाडीकडे जायचं होतं, पण वाटेत सगळी वडीलधारी मंडळी बसलेली. त्यांच्यापुढून ताठ चालत जाईल असा माणूस आपियातसुद्धा जन्माला आलेला नाही. बिचारा वाकला. वाकलेल्या माणसाला काका म्हणाले, "बसा." बसलेल्या माणसापुढे पान आलं, आणि शहरातला पाहुणा म्हणून मांडीचा चांगला तुकडा आला. त्याने खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. मग बोटं पुसून, वही काढून, अगदी कंपनीच्या आवाजात विचारलं, "समोरच्यांनी तुम्हाला काही देऊ केलं का?"

काका छताकडे बघत होते, आई माझ्याकडे. आणि आत्या, देवाशपथ, मी बोलले. सगळ्यांसमोर. म्हटलं, "हो, साहेब. लिहा. तुमच्या पानात काय आलं तेही लिहा."

फेलेतीचं तोंड पावासारखं फुगलं. सालेवाओ पदर तोंडावर धरल्यासारखा पंखा धरून हसत होती. त्याने हाड पानाखाली सरकवलं. मग म्हणाला, "गाडी कुणाच्या नावावर आहे?" काका म्हणाले, "माझ्या बहिणीच्या." "चटई उचलायला बहीण होती?" "ती ब्रिस्बेनला असते." "मग भावाने दिलेली माफी चालते का?" आता आपल्याकडे बहिणीच्या शब्दापुढे भावाचं काही चालत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. काकांना ते चारचौघांत बोलायला जड गेलं, पण बोलले, "तिच्याशिवाय या घरात कसली माफी?" फेलेतीने आनंदाने लिहून घेतलं: मालकीणबाईंनी काही घेतलेलं नाही, माफ केलेलं नाही. गाडीचे फोटो काढले. जाताना मांसाची पुडी घेऊन गेला.

तेव्हा सगळं मार्गी लागलंय. तू निश्चिंत राहा, औषधं घे.

तुझी,
पालेपा

ता. क. कंपनी तुला सोमवारी फोन करणार आहे. एकच विचारतील, तुम्ही समोरच्यांना माफ केलंत का. 'नाही' म्हण. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून ते खरं असलं पाहिजे. एवढंच मागणं आहे, सोमवारपर्यंत रागावून राहा. तुला राग येत नाही हे मला माहीत आहे. मालाकीचा तो आरसा डोळ्यांपुढे आण.

ता. क. दुसरं. फेलेती बोलत होता तेव्हा सालेवाओ तिथेच बसली होती. आपली माफी अर्धीच झाली हे तिला कळलं, आणि अर्धं काही ठेवणं तिला झेपत नाही. तिची भाची तुझ्या मागच्याच गल्लीत राहते. सालेवाओने विमानाचं तिकीट काढलंय. चटई घेऊन तुझ्या अंगणात बसेल. तुझ्याकडे दार आहे, आत्या! लाव.

ता. क. तिसरं. टपालाला फार वेळ लागतो, म्हणून आई म्हणाली, तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पत्र दे. या आठवड्यात एकच बाई जाते आहे. पाकीट मी नीरफणसाच्या चिकाने घट्ट चिकटवलंय, त्याची भीती नाही. पण आत्ता लक्षात आलं, हे तू वाचतेयस म्हणजे दार उघडलंस. म्हणजे ती समोर बसली असेल. तर वाचताना हसू नकोस. तिला आत घे, पंख्याखाली बसव, पोटभर जेवायला घाल, पण सोमवारपर्यंत चटई तिच्या डोक्यावरच राहू दे. घास घेता येत नसेल तर एक कोपरा धर. सगळी उचलू नकोस.